गोटाची झाली गोठ

ग्वाल्हेरात डिसेंबरची थंडी हाडात शिरते. सकाळी हजिऱ्याला तानसेनच्या कबरीपाशी पोचलो तेव्हा सतरंज्या अंथरून झाल्या होत्या आणि सनईवाले सूर लावून घेत होते. तानसेन समारोह म्हटला की आपल्याला रात्रीच्या मैफली आठवतात, मोठमोठ्या गवयांची नावं आठवतात. पण समारोहाला तोंड फुटतं ते सकाळी. आधी सनई, मग हरिकथा, मग मिलाद शरीफ, मग कबरींवर चादर. एक चादर तानसेनच्या कबरीवर, एक शेजारच्या मोठ्या मकबऱ्यात महंमद घौस यांच्या कबरीवर. 2024 साली या समारोहाचं शंभरावं वर्ष झालं. रात्रीच्या कार्यक्रमांचं रूप दर काही वर्षांनी बदलत गेलं, सकाळचा हा क्रम मात्र टिकून आहे.

हरिकथेचा मान ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या ढोलीबुवांच्या मठाचा. त्या दिवशी कथा हिंदीत चालली होती, समोरचे श्रोतेही बहुतेक हिंदी बोलणारे. पण दोन-चार मिनिटं डोळे मिटून ऐकलं आणि मला आमच्या सदाशिव पेठेतल्या विष्णुमंदिरात बसल्यासारखं झालं. आधी निरूपण, मग त्यात हळूच शिरणारं पद, पद रंगत आलं की ते तिथेच सोडून पुन्हा कथेचा धागा उचलणं, श्रोत्यांच्या चेहऱ्याकडे बघून एखादा दृष्टांत लांबवणं, ही सगळी ठेवण कीर्तनाची. भाषा इथली झाली होती, बसणं-उठणं तिकडचं राहिलं होतं. कथा संपली आणि त्याच सतरंजीवर मिलाद सुरू झाला. कुणी उठून गेलं नाही.

माझी आत्या लष्करात दिलेली. लहानपणी मे महिन्यात पंजाब मेलने आम्ही तिच्याकडे जायचो, तेव्हापासून या शहरातल्या देवळांचं मला कुतूहल आहे. कन्हेरखेड, बीड, वाई, कागल अशा गावांकडून निघालेली माणसं चंबळेच्या काठच्या या मुलखात आली आणि दोनशे वर्षं राहिली. राजवाड्यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला सांगायचं आहे ते त्यांच्या देवांच्या जागांबद्दल, कारण छावणीचं शहर झालं ते त्या जागांमुळे, असं मला मनापासून वाटतं.

*

शिंद्यांची गादी आधी उज्जैनला होती. दौलतराव शिंद्यांनी 1810 साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला. तळ म्हणजे लष्कर, आणि तो तळ पुढे हललाच नाही. म्हणून गावाचं नावच लष्कर पडलं. जुनं ग्वाल्हेर किल्ल्याच्या पायथ्याशी उत्तरेला, लष्कर दक्षिणेला, आणि पूर्वेला मुरार, जिथे पुढे इंग्रजांची छावणी बसली. आजही जुनी माणसं पत्ता सांगताना ग्वाल्हेर वेगळं आणि लष्कर वेगळं असंच बोलतात.

हा तळ कसा असे ते थॉमस ब्राउटन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवलं आहे. 1809 चं सबंध वर्ष तो शिंद्यांच्या फौजेबरोबर हिंडत होता. त्याची पत्रं 1813 साली पुस्तकरूपाने निघाली. फौज हलायची तेव्हा बिनीवाले पुढे जात आणि जिथे सरकारचा डेरा पडायचा तिथे पांढरं निशाण रोवत. मग त्या निशाणाच्या हिशेबाने सगळं ठरे. बाजार कुठून कुठे जाणार, कोणता सरदार कोणत्या अंगाला उतरणार. मुक्काम कुठलाही असो, मांडणी ठरलेली. कालच्या गावात वाण्याचं दुकान ज्या हाताला होतं, आजच्या माळावरही त्याच हाताला. कापडाचं एक अख्खं शहर उचलून पुढे नेलं जात होतं आणि त्यातल्या कुणालाही रस्ता चुकत नव्हता.

या कापडाच्या शहराच्या भिंती झाल्या तरी नावं तीच राहिली. लष्करात आजही चिटणीस की गोठ आहे, बक्षी की गोठ आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला गुरांचे गोठे वाटले होते. आत्याच्या यजमानांनी, आम्ही त्यांना भाऊसाहेब म्हणायचो, समजावून सांगितलं की हा आपला गोट. चिटणिसांचा गोट, बक्षींचा गोट. एकेका मानकऱ्याच्या राहुट्या जिथे पडत तो त्याचा गोट. हिंदी जिभेवर त्याची गोठ झाली. आपण आता गोट हा शब्द फक्त राजकारणाच्या बातम्यांत वापरतो, अमक्याच्या गोटात खळबळ वगैरे. तिथे त्याच शब्दाच्या पत्त्यावर टपाल येतं.

तसाच कंपू. द बॉइन नावाच्या सव्हॉयच्या सेनापतीने महादजी शिंद्यांसाठी कवायती पलटणी उभ्या केल्या, त्यांना मराठीत कंपू म्हणत. मुळात युरोपातून आलेला शब्द. लष्करात त्या नावाचा भाग आहे आणि तिथे कुणालाही त्या शब्दाचं नवल वाटत नाही. फालका बाजार फाळक्यांचा, पाटणकर बाजार पाटणकरांचा. हुजरात पूल म्हणजे खाशा पथकाचा, हुजुरातीचा. दाणाओळी तर इतकी स्वच्छ मराठी की तिथे उभं राहिलं की पुण्यातल्या एखाद्या आळीत धान्य घ्यायला आल्यासारखं वाटतं. रिक्षावाला ‘हुजरात, हुजरात’ ओरडत सवाऱ्या भरत असतो. शब्द कुठून आला हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नाही, पण त्याच्या तोंडी तो रोज शंभरदा येतो.

*

गोरखी हा शिंद्यांचा जुना वाडा, महाराज बाड्याला लागून. जयविलास राजवाडा झाला तेव्हा राजघराणं तिकडे गेलं, पण देवघर गोरखीतच राहिलं. या देवघरात कुलदैवतांबरोबर मन्सूर शाहांचं स्थान आहे. मन्सूर शाह हे बीडचे अवलिया, त्यांचा दर्गा आजही बीडमध्ये आहे. महादजी त्यांना गुरू मानत. पुढे घराण्यातले कर्ते पुरुष इथे माथा टेकत आले आहेत. मोहरमात शिंद्यांचा ताजिया निघत आला आहे, तो याच परंपरेतला.

महादजींचं आयुष्य पाहिलं तर हे समजायला जड जात नाही. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर पायाला जबर जखम झालेली, सगळं घराणं कापलं गेलेलं, आणि अशा वेळी त्यांना बैलावर घालून दक्षिणेत आणलं ते राणे खान नावाच्या भिश्त्याने. महादजींनी त्याला पुढे भाऊ मानलं, मोठा सरदार केलं. ज्या माणसाला मरणाच्या दारातून एका पखालवाल्याने परत आणलं, त्याच्या देवघरात बीडचा फकीर बसला तर त्यात वेगळं ते काय? हे पुढच्या काळात सोयीसाठी जोडलेलं नाही, फौजेबरोबर दक्षिणेतून आलेलं आहे. आपण इकडे महाराष्ट्रात बसून शिंद्यांच्या पराक्रमाचे पोवाडे ऐकतो, त्यात हे देवघर फारसं येत नाही. ते यायला हवं.

शिंदे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातल्या कन्हेरखेडचे पाटील. त्यांचा देव जोतिबा. कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीचं जोतिबाचं आजचं देऊळ राणोजी शिंद्यांनी 1730 साली बांधलं. म्हणजे उत्तरेत पाय घट्ट रोवायच्या आधी त्यांनी मागे, घरच्या डोंगरावर दगड लावला होता. आत्याच्या घरीही कुळाचा देव जोतिबाच. देवघरात तळहातापेक्षा लहान चांदीचे टाक होते, पिढ्यान्‌पिढ्या हात लागून गुळगुळीत झालेले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती ते रांगोळीने घासायला बसायची. मला कुठला कुठला ते कधी ओळखता यायचं नाही.

*

दसरा बघायचा तर लष्करात बघावा. कंपूच्या बाजूला टेकडीवर मांढरे की माता आहे. जयाजीराव शिंद्यांच्या फौजेत आनंदराव मांढरे नावाचे अधिकारी होते. त्यांना देवीचा दृष्टांत झाला, त्यांनी महाराजांना सांगितलं आणि महाराजांनी देऊळ बांधून दिलं, अशी देवळाची कथा. मूर्ती अष्टभुजा महिषासुरमर्दिनीची. पूजा मांढऱ्यांच्याच घराण्याकडे राहिली. मांढरे हे आडनाव ऐकलं की वाई-साताऱ्याकडच्या माणसाला काळूबाईचं मांढरदेव आठवतं. तोही डोंगर, हीही टेकडी. फरक एवढाच की इथे पायऱ्यांवर बसलेल्या माळिणी हिंदीत बोलतात आणि देवीला माता म्हणतात.

दसऱ्याला सकाळी गोरखीच्या देवघरात शस्त्रपूजा होते आणि संध्याकाळी मातेच्या पटांगणात शमीपूजन. आपल्याकडे सोनं म्हणून आपट्याची पानं वाटतात, इथे शमी. शिंदे घराण्याचा कर्ता पुरुष पूजा करतो, तलवारीने शमीला स्पर्श करतो आणि त्या क्षणी भोवतालची माणसं पानांवर झडप घालतात. त्यात सरदार घराण्यांतली मंडळी असतात, अंगरखे घातलेली, डोक्यावर शिंदेशाही पगडी. या पगडीचा घाट पुणेरी पगडीहून अगदी निराळा, एका बाजूला झुकता. ज्यांच्या पणजोबांनी ती घालून घोड्यावर मांड टाकली, ते आता बँकेत, शाळेत, दुकानात काम करतात. वर्षातून एक दिवस ती पगडी पेटीतून निघते, आणि ओढाताणीत वाकडी होते. मी पाहिलेल्या दसऱ्याला एक सत्तरीचे गृहस्थ त्या गर्दीत शिरले आणि मुठीत चार पानं घेऊन बाहेर आले. त्यांनी पगडी सारखी केली, दम खाल्ला आणि जवळच उभ्या असलेल्या नातवाला ती पानं मराठीत बोलून दिली. नातू त्यांच्याशी हिंदीत बोलला. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मलाच वाटलं.

ढोलीबुवांचा मठ, त्यांच्या नावाचा पूल, हे सगळं या जुन्या वस्तीतलंच. मठाचे मूळ पुरुष महिपतीनाथ, परंपरा नाथपंथाची. ढोली म्हणजे आपल्या भाषेत झाडाच्या बुंध्यातली पोकळी. हिंदी कानाला तो शब्द ढोल वाजवणारा वाटतो, आणि कीर्तनाच्या घराण्याला तोही अर्थ शोभून दिसतो. लष्करातल्या मराठी घरांना या मठाने काय दिलं ते सांगायचं तर मला आत्याचंच उदाहरण द्यावं लागेल. ती सोळाव्या वर्षी लग्न होऊन इथे आली तेव्हा तिला हिंदीचं एक वाक्य धड बोलता येत नव्हतं. भाजीवाल्याशी बोलायची लाज वाटायची. ती म्हणे, मठात कीर्तनाला गेलं की छातीवरचा दगड उतरायचा, कारण तिथे बायका मराठीत भांडत होत्या. उत्सवाचा स्वयंपाक, पंगती, हळदीकुंकू, मुलींची स्थळं, सगळं तिथे ठरायचं. देवाच्या जागेचं हे काम पुस्तकात कुठे लिहिलेलं नसतं.

*

आता ज्या घराण्याकडे मला वळायचं आहे त्याचं नाव पुण्याच्या माणसाने घेतलं तर राग धरूनच घेईल. फिलोज. तेही स्थलांतरितच, फक्त सातारा-बीडऐवजी इटलीतल्या नेपल्सकडून आलेले, आणि धर्माने कॅथॉलिक.

मायकेल फिलोज हा साध्या घरचा माणूस. तिकडून हिंदुस्थानात आला, द बॉइनच्या हाताखाली शिंद्यांच्या चाकरीत शिरला आणि महादजींबरोबर पुण्याला पोचला. महादजी 12 फेब्रुवारी 1794 ला वानवडीला वारले. पुढे दौलतरावांच्या काळात 31 डिसेंबर 1797 रोजी नाना फडणीस शिंद्यांच्या भेटीला गेले ते याच फिलोजच्या शब्दावर. केसालाही धक्का लागणार नाही असं त्याने वचन दिलं होतं. नाना गोटात शिरले आणि त्याच्याच पलटणीने त्यांना धरलं. बरोबरच्या माणसांचे अंगावरचे कपडेसुद्धा लुटले. सर्जेराव घाटग्यांची माणसं शहरात शिरली, कारभाऱ्यांची घरं लुटली गेली आणि रात्रभर पुण्यात गोळीबार चालू राहिला. नानांना नगरच्या किल्ल्यात ठेवलं. दुसऱ्या वर्षी दहा लाख रुपये घेऊन सोडलं, पण ते खचले ते खचलेच. 13 मार्च 1800 ला त्यांचा अंत झाला. नाना सुटले तेव्हा फिलोज मुंबईला पळून गेला.

त्याची मुलं मात्र शिंद्यांकडेच राहिली. एक, फिडेल, 1801 मध्ये इंदूरच्या लढाईनंतर होळकरांना फितूर असल्याच्या संशयावरून कैदेत पडला आणि तिथे त्याने स्वतःचा गळा चिरून घेतला. बापाने दिलेला शब्द मोडला, आणि मुलाच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवला नाही. मला या योगायोगापाशी दर वेळी थांबावंसं वाटतं.

दुसरा मुलगा जाँ बाप्तिस्त. हा खरा घराण्याचा कर्ता. श्योपूर घेतलं ते त्याने, 1811 साली चंदेरी घेतली ती त्याने, राघोगढच्या खीची राजपुतांशी तो वर्षानुवर्षं झुंजला. ब्राउटनच्या पत्रांतही तो भेटतो. या धामधुमीत बहादूरगढ नावाचं एक ठाणं त्याच्या हाती आलं आणि त्याने त्याचं नाव बदललं. ठेवलं ईसागढ. ईसा म्हणजे येशू. शिंद्यांच्या राज्यात, मराठी फौजेच्या बळावर, एका इटालियन बापाच्या मुलाने येशूच्या नावाने गढी वसवली, आणि शिंद्यांनी ते नाव चालू दिलं. पुढे ग्वाल्हेर संस्थानातल्या एका जिल्ह्याचं नावच ईसागढ होतं. आज ते गाव मध्य प्रदेशच्या अशोकनगर जिल्ह्यात आहे. देऊळ म्हणा, चर्च म्हणा, बांधायला दगड लागतो. या माणसाने नुसत्या नावाने एक जागा आपल्या देवाला वाहिली, आणि ती दोनशे वर्षं टिकली. 1846 साली तो वारला.

शिंद्यांच्या चाकरीतले हे युरोपी कॅथॉलिक आपल्या मेलेल्यांना कुठे नेत, ते बघायचं तर आग्र्याच्या कॅथॉलिक कबरस्तानात जावं. तिथे जॉन हेसिंग या डच सरदाराची कबर आहे. तोही शिंद्यांचाच, आग्र्याचा किल्ला त्याच्या ताब्यात होता, 1803 साली तिथेच मेला. त्याच्या बायकोने त्याच्यावर लाल दगडात ताजमहालाची लहानशी प्रतिकृती उभारली. परक्या मुलखात आलेल्या माणसाला आपल्या माणसाची आठवण बांधायची तर नकाशा कुठला घ्यायचा? तिने शेजारचाच घेतला. लाल ताज म्हणून लोक तो आजही बघायला जातात.

फिलोज मात्र ग्वाल्हेरचेच झाले. या घराण्यातल्या पुढच्या पिढीच्या मायकेल फिलोजने, ज्याला पुढे सर हा किताब मिळाला, 1874 साली जयाजीरावांसाठी जयविलास बांधला. ज्याच्या पूर्वजाने मराठी राज्याच्या सगळ्यात शहाण्या कारभाऱ्याला दगा दिला, त्याच्याच नावाच्या वंशजाने मराठी घराण्याचं सगळ्यात भव्य घर उभं केलं. खालचा मजला टस्कन, मधला डोरिक, वरचा कॉरिंथियन. दक्षिण इटलीतून आलेल्या घराण्याची आठवण चंबळेच्या उन्हात चुन्याने पांढरी करून उभी आहे. दरबार हॉलमध्ये साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरं टांगायची होती. छत तेवढा भार पेलेल का, हे पाहायला आधी त्यावर हत्ती चढवले, असं तिथे प्रत्येक जण सांगतो. 1876 च्या सुरुवातीला इंग्लंडचा युवराज इथे पाहुणा आला. आता त्यातल्या काही दालनांत संग्रहालय आहे, आणि तिकीट काढून आत गेलं की मराठी सरदारांच्या तलवारी इटालियन खांबांच्या सावलीत मांडलेल्या दिसतात.

कॅथॉलिक समाज ग्वाल्हेरात आजही आहे, पण तो फिलोजांच्या काळाचा नाही. मुरारची छावणी, रेल्वे, शाळा, दवाखाने यांच्याबरोबर देशाच्या वेगवेगळ्या भागांतून माणसं आली. आधी हा मुलूख झाशीच्या धर्मप्रांतात होता. 1999 साली ग्वाल्हेरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्यातली बरीच कुटुंबंही आपापलं गाव मागे ठेवून इथे आली आहेत. आत्याच्या शेजारी केरळच्या एक नर्सबाई राहायच्या. नाताळात त्यांच्याकडून केक यायचा, संक्रांतीला आत्या तिळगूळ द्यायची. दोघींचं हिंदी सारखंच कच्चं होतं. त्या हिंदीतूनच त्यांनी पंचवीस वर्षं एकमेकींची दुखणीखुपणी काढली.

*

राजांनीही बांधलं. दौलतरावांच्या राणी बायजाबाई, कागलच्या घाटग्यांच्या कन्या, त्यांनी काशीत ज्ञानवापीभोवती मंडप उभारला. याच बायजाबाई मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा भरपूर मिळेल, हे ऐकून वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली उत्तरेकडे निघाले आणि बंडात सापडले. ‘माझा प्रवास’ आपल्याला मिळालं ते त्यामुळे. पहिल्या माधवरावांनी 1921 साली फूलबागेत गोपाळ मंदिर बांधलं. त्या बागेतच मशीदही आहे, गुरुद्वाराही आहे. त्याच माधवरावांची छत्री शिवपुरीला आहे, आईच्या छत्रीसमोर. तिथे त्यांच्या मूर्तीला जिवंत माणसासारखे कपडे चढवतात, नैवेद्य दाखवतात, संध्याकाळी गाणं होतं. दगडी कमानीखाली ते गाणं ऐकताना अंगावर काटा येतो.

गाण्याचं तर वेगळं पुस्तक होईल. हद्दू खाँ, हस्सू खाँ यांची गायकी मराठी घरांत गेली, आणि इथे वासुदेवबुवा जोशांकडे शिकून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती दक्षिणेत नेली. विष्णु दिगंबर त्यांचेच शिष्य. म्हणजे पुणे-मिरजेला जे ख्यालगायन आपण आपलं समजतो, ते लष्करातून परत आलेलं आहे. फौज इकडून तिकडे गेली होती, गाणं तिकडून इकडे आलं.

भाषेचं काय झालं ते मात्र सरळ सांगता येत नाही. भास्कर रामचंद्र तांबे मुंगावलीत जन्मले आणि 1941 साली ग्वाल्हेरातच वारले. संस्थानाचे राजकवी. उभं आयुष्य मध्य भारतात काढून त्यांनी लिहिलेल्या कविता महाराष्ट्राने घराघरांत गायल्या. मुंगावली आज ईसागढच्याच जिल्ह्यात आहे. फिलोजने घेतलेल्या श्योपुरात 1917 साली एका मराठी घरात गजानन माधव मुक्तिबोध जन्मले, आणि ते हिंदीचे मोठे कवी झाले. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. एकाच घरातून दोन भाषांना दोन कवी मिळाले. 1961 साली मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरला भरलं आणि कुसुमावती देशपांडे अध्यक्ष झाल्या, संमेलनाच्या इतिहासातल्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. आत्या त्या मांडवात जाऊन आली होती. भाषण किती कळलं ते तिने कधी सांगितलं नाही, पण व्यासपीठाच्या मधोमध बाई बसलेली पाहिली हे शेवटपर्यंत सांगायची.

आज सरदारांच्या कितीतरी वाड्यांतून दुकानं आहेत, काही जागी इमारती उभ्या राहिल्या. मुलं पुण्याला, इंदूरला, बंगळूरला गेली. घरात मराठी बोलतात ती साठीच्या पुढची. मला त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. ज्या गावात राहायचं त्याची भाषा मुलं उचलणारच. पण मठात अजून कीर्तनाला माणसं बसतात, मातेच्या पटांगणात शमी लुटली जाते, हजिऱ्याला हरिकथा होते. मराठी वळण टिकलं आहे ते आता या जागांत, आणि महाराष्ट्रातून ग्वाल्हेरला जाणारे आमच्यासारखे लोक किल्ला, जयविलास आणि राणी लक्ष्मीबाईंची समाधी बघून रात्रीच्या गाडीने परत फिरतात. त्यांनी अर्धा दिवस जास्त काढावा. चिटणीस की गोठेतून पायी जावं. एखाद्या दारावर जुन्या वळणाचा गणपती कोरलेला असतो, त्याच्यावरून विजेच्या तारा गेलेल्या असतात, आत कुणीतरी असतं आणि मराठीत हाक मारली तर बाहेर येतं.

आत्या गेली त्याला आता काही वर्षं झाली. भाऊसाहेब आधीच गेले होते, मुलगा परदेशात. घर विकायचं ठरलं तेव्हा सामान आवरायला मी गेलो. पितळी भांडी मठाला दिली, गाद्या वाटल्या. देवघर मात्र मला म्हणाले तू ने. एका स्टीलच्या डब्यात कापूस घालून मी ते टाक ठेवले आणि पंजाब मेलच्या वरच्या बर्थवर डबा उशाशी घेऊन आलो. कुणास ठाऊक कुठल्या पिढीत, घोड्याच्या पाठीवर बांधलेल्या कुठल्या वळकटीतून ते तिकडे गेले होते.

गेल्या दसऱ्याला मी ते घासायला बसलो. दोन टाकांवर घोडेस्वार आहेत, दोन्ही इतके झिजलेले की स्वाराला तोंड उरलेलं नाही. आत्या डोळे मिटून सांगायची. अंगठा फिरवायचा. स्वाराच्या मागे बोटाला आणखी एक उंचवटा लागला तर ती म्हाळसा, तो खंडोबा. नाही लागला, तर जोतिबा. मी बराच वेळ अंगठा फिरवत राहिलो. मग एका टाकावर लागला.